आवड, निवाडा आणि शिवार

ग्रामीण भूप्रदेशाचे नियोजन करताना तेथील लोकांच्या आवडीनिवडी विचारात घेतल्या पाहिजेत, या विधानाला आज कोणी उघडपणे विरोध करील असे वाटत नाही. वनविभागाचे आराखडे, पर्यटनविकासाचे प्रस्ताव, पाणलोट विकासाचे अहवाल यांपैकी काहीही उघडावे, 'लोकसहभाग' हा शब्द पहिल्या दोनतीन पानांत भेटतोच. युरोपातील देशांनी २००० साली फ्लॉरेन्स येथे भूदृश्यविषयक जो करार केला, त्यात तर लोकांच्या जाणिवेला भूदृश्याच्या व्याख्येतच स्थान मिळाले. अशा सर्वमान्य विधानांचा एक दोष असा की ती मान्य करण्याच्या घाईत कोणी नीट वाचत नाही. या विधानात 'लोक', 'आवड' आणि 'विचारात घेणे' असे तीन संदिग्ध शब्द आहेत. पहिल्याची चिकित्सा समाजशास्त्रज्ञ करीत आले आहेत, तिसऱ्याची जबाबदारी प्रशासनाची. दुसरा शब्द मात्र आपल्या अंगणातला आहे. आवड म्हणजे काय, ती कशी घडते, एकाची आवड दुसऱ्यावर बंधनकारक कधी होते, हे साहित्यसमीक्षेचे जुने प्रश्न आहेत. वाघ, गायरान आणि पुनर्वसन यांविषयीचा लेख साहित्याच्या नियतकालिकात कशाला, असे कोणी विचारल्यास एवढेच उत्तर पुरेसे व्हावे.

प्रारंभ शब्दांपासून करावा लागेल. 'भूदृश्य' हा आपण इंग्रजी संज्ञेसाठी घडवलेला पारिभाषिक शब्द. त्यात 'दृश्य' आहे, म्हणजे द्रष्टा आहे, आणि तो दृश्याच्या बाहेर उभा आहे. रेमंड विल्यम्स यांनी 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) या ग्रंथात दाखवून दिले की राबणाऱ्याला त्याची भूमी 'भूदृश्य' म्हणून सहसा दिसत नाही. त्या कल्पनेतच विलगता आणि निरीक्षण गृहीत आहे. वऱ्हाडी बोलीकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. येथे शेताला 'वावर' म्हणतात. व्युत्पत्ती काहीही असो, बोलणाऱ्याच्या कानाला त्यात 'वावरणे' ऐकू येतेच. बांधाला 'धुरा', गाडीवाटेला 'पांदण', ढोरे एकत्र जमतात त्या गावकुसाबाहेरच्या जागेला 'आखर', पीक देणारी ती 'काळी', वस्तीची ती 'पांढरी', हलकी मुरमाड ती 'बरड'. या शब्दांपैकी एकही पाहण्याचा शब्द नाही. प्रत्येकात कोणीतरी काहीतरी करीत आहे आणि प्रत्येकाला कोणाचा तरी हक्क किंवा तंटा चिकटलेला आहे. धुऱ्यावरून होणारी भांडणे ज्याने पाहिली आहेत, तो धुऱ्याला 'रेषा' म्हणणार नाही.

काही वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गाला मी 'माझे आवडते निसर्गदृश्य' या विषयावर निबंध लिहायला दिला होता. दर्यापूरकडच्या, खारपाणपट्ट्यातल्या एका विद्यार्थ्याने महाबळेश्वरवर लिहिले. धुके, दऱ्या, हिरवी गर्द झाडी, सारे होते. तो महाबळेश्वरला कधी गेला नव्हता. विचारले तेव्हा म्हणाला, "सर, आमच्याकडे तसं काही पाहण्यासारखं नाही ना." पूर्णेच्या त्या सपाट, काळ्याभोर, विहिरीला खारे पाणी लागणाऱ्या प्रदेशात 'पाहण्यासारखे' काही नाही, ही त्याची प्रामाणिक समजूत होती. ती त्याला आम्हीच, म्हणजे पाठ्यपुस्तकांनी आणि अध्यापकांनी दिली होती. बालकवींच्या हिरवाईवर पोसलेली आमची निसर्गाभिरुची वर्षातले आठ महिने पिवळा आणि तपकिरी असणाऱ्या प्रदेशाला 'उजाड' याहून वेगळा शब्द देत नाही. गो. नी. दांडेकर परतवाड्याला जन्मले. 'पूर्णामायची लेकरं' या कादंबरीत त्यांनी हा काठ वऱ्हाडी बोलीत उभा केला. पण त्या कादंबरीकडे आम्ही बोलीचा नमुना म्हणून पाहिले, अभिरुचीचा पर्याय म्हणून नाही. उद्धव शेळके यांच्या 'धग'मधील कौतिकच्या लेखी शिवार हे प्रथम मजुरीचे ठिकाण आहे. समीक्षेने तिच्या दारिद्र्याची भरपूर चर्चा केली. पण भूमीकडे पाहण्याची ही एक स्वतंत्र दृष्टी आहे, असे क्वचितच म्हटले.

उद्या नियोजनकार त्या विद्यार्थ्यापुढे दहा छायाचित्रे ठेवून 'कोणते आवडते?' असे विचारील, तर तो महाबळेश्वरासारखे दिसणारे चित्र उचलील. ही कल्पनेतली गोष्ट नाही. अमेरिकी वनविभागासाठी डॅनियल आणि बॉस्टर यांनी १९७६ साली निसर्गसौंदर्य मोजण्याची जी पद्धत सिद्ध केली, तिचा गाभा असाच आहे: लोकांना वनांची छायाचित्रे दाखवावीत, त्यांनी गुण द्यावेत, गुणांवर संख्याशास्त्रीय संस्कार करून प्रत्येक दृश्याचा सौंदर्यांक काढावा. मूठभर तज्ज्ञांच्या अभिरुचीऐवजी सामान्यांची अभिरुची प्रमाण मानण्याचा हा प्रयत्न होता आणि त्यामागचा लोकशाही हेतू नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यात आवडीविषयीची एक समजूत दडलेली आहे. आवड ही प्रत्येकाच्या मनात आधीच तयार असलेली, विचारताच बाहेर येणारी, इतरांच्या आवडींत मिळवता येणारी वस्तू आहे, अशी ती समजूत होय.

रा. भा. पाटणकर यांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) आणि 'कांटची सौंदर्यमीमांसा' या ग्रंथांतून मराठी अभ्यासकाला परिचित झालेला कांटचा एक भेद येथे उपयोगी पडतो. कॅनरी बेटांची मदिरा 'सुखद आहे' असे म्हणणाऱ्याला 'मला सुखद वाटते असे म्हण' अशी दुरुस्ती कोणी केली, तर तो ती मान्य करतो. तेथे वाद संभवत नाही. 'हे सुंदर आहे' असे म्हणणारा मात्र इतरांच्या संमतीवर हक्क सांगत असतो. तो केवळ स्वतःविषयी माहिती देत नाही. तो निवाडा करतो आणि निवाड्याशी वाद घालता येतो. पाहणीचा तक्ता भरून घेणारा अधिकारी लोकांचे प्रत्येक विधान पहिल्या प्रकारात ढकलतो. 'या टेकडीवर सागाची लागवड नको' असे एखाद्या म्हातारीने म्हटले की तक्त्यात नोंद होते: एक व्यक्ती, सागाविषयी नापसंती. ती म्हातारी मात्र स्वतःच्या मनःस्थितीची माहिती देत नव्हती. ती म्हणत होती की तेथे साग लावणे चूक आहे, आणि अधिकाऱ्यालाही ते पटले पाहिजे. तिच्या विधानाची मोजदाद झाली, पण त्याला कोणी उत्तर दिले नाही.

येथवर कांट आपल्या बाजूने आहे. पुढे तो सोबत सोडतो. 'क्रिटिक ऑफ जजमेंट' (१७९०) या ग्रंथाच्या आरंभीच त्याने राजवाड्याचे उदाहरण घेतले आहे. समोरचा राजवाडा सुंदर आहे काय, असे विचारल्यावर कोणी म्हणेल की नुसते पाहत राहण्यासाठी केलेल्या वस्तू मला आवडत नाहीत. कोणी पॅरिसमध्ये आलेल्या इरोक्वा सरदाराप्रमाणे म्हणेल की मला येथील खानावळी तेवढ्या पसंत पडल्या. कोणी रूसोच्या थाटात लोकांचा घाम अशा निरर्थक वस्तूंवर उधळणाऱ्या थोरामोठ्यांचा निषेध करील. कांट म्हणतो, हे सारे मान्य करता येईल. परंतु प्रश्न तो नाही. वस्तूच्या अस्तित्वाशी, उपयोगाशी, इतिहासाशी काहीही देणेघेणे न ठेवता तिच्या केवळ दर्शनाने सुख होते की नाही, एवढाच प्रश्न आहे.

हे वाक्य मी अनेक वर्षे वर्गात शिकवीत आलो. 'प्रश्न तो नाही' ही कोणत्याही सरकारी सुनावणीतील सर्वांत परिचित उक्ती आहे, हे माझ्या फार उशिरा ध्यानी आले. गावकरी उठून सांगतो की या उतारावरून आमची ढोरे पाण्यावर जातात, तेथे आमचा देव आहे, रस्ता करताना आमच्याकडून बिगार घेतली होती. आणि व्यासपीठावरून उत्तर येते, प्रश्न तो नाही. निर्हेतुक दर्शनाची अट घातली की शिवाराविषयी निवाडा करण्यास पात्र उरतो तो फक्त पाहुणा.

चिखलदऱ्याला जाणाऱ्याने हे पाहून घ्यावे. तेथील प्रत्येक कड्याला एक 'पॉइंट' आहे. म्हणजे कोठे उभे राहायचे हेही ठरलेले आहे. अलीकडे दोन कड्यांना जोडणारा, सुमारे चारशे मीटर लांबीचा काचेचा आकाशमार्ग सिडकोने हाती घेतला आणि वन्यजीवविषयक परवानग्यांमुळे त्याचे काम बराच काळ रखडले. या वादात एका बाजूला पर्यटकाची आवड होती, दुसऱ्या बाजूला वन्यजीवप्रेमीची. दोघेही बाहेरचे, दोघेही पाहणारे. मोथ्याच्या गवळ्याची दृष्टी या द्वंद्वात बसत नाही, कारण तो उतारांची प्रतवारी गवतावरून करतो. त्याला आकाशमार्ग हवा असेलही. खवा विकला जातो. पण 'हवा असणे' आणि 'आवडणे' यांत फरक आहे आणि पाहणीच्या तक्त्यात त्यासाठी दोन रकाने नसतात.

आता या प्रश्नाच्या कठीण भागाकडे वळू. मेळघाट हा १९७३-७४ साली घोषित झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्यांच्या खोऱ्यांत कोरकूंची गावे आहेत. गवळी, गोंड, निहाल हेही आहेत. या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा आणि कुंड ही गावे प्रकल्पाच्या गाभ्यातून उठवून अकोला जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी अकोट तालुक्यात वसवण्यात आली. पुढे आमोना, नागरतास, बारूखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी यांसारखी गावे त्याच वाटेने आली. कायदा या बाबतीत निःसंदिग्ध आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००६ची दुरुस्ती आणि त्याच वर्षीचा वनहक्क कायदा, दोन्हींनुसार असे स्थलांतर स्वेच्छेनेच व्हायला हवे. ग्रामसभेची माहितीपूर्ण संमती हवी. २००८पासून प्रत्येक कुटुंबाला दहा लाख रुपये देऊ केले जात. २०२१ साली ही रक्कम पंधरा लाख झाली. संमती घेतली गेली. कागदावर लोकांची पसंती विचारात घेतली गेली.

आणि मग पुनर्वसित गावांतील काही कुटुंबे परत जंगलात गेली. जानेवारी २०१९मध्ये त्यांच्यात आणि वनकर्मचाऱ्यांत जो संघर्ष झाला, त्यात दोन्हीकडचे लोक जखमी झाले. जमीन मिळाली नाही, सोयी मिळाल्या नाहीत, माणसे आजारली, अशा तक्रारी होत्या. प्रशासनाकडे त्यांची उत्तरे होती. तपशिलाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. आपला प्रश्न निराळा आहे. या लोकांची खरी पसंती कोणती म्हणायची? संमतिपत्रावर अंगठा उमटवला ती, की सामान डोक्यावर घेऊन परत डोंगर चढले ती? पसंतीला वस्तुस्थिती मानणाऱ्यापुढे येथे दोनच मार्ग उरतात. पहिली पसंती खोटी, म्हणजे लादलेली किंवा आमिषाने मिळवलेली होती, असे म्हणावे. किंवा दुसरी खोटी, म्हणजे कोणीतरी भडकावलेली होती, असे म्हणावे. वर्तमानपत्रांतून हीच दोन उत्तरे आलटून पालटून छापली गेली. दोन्हींत एक समान गृहीत आहे: माणूस एकदा काय हवे ते सांगतो आणि तेथे त्याचे बोलणे संपते.

माझ्या मते दोन्ही पसंती खऱ्या होत्या. अपुरी होती ती 'पसंती' ही कोटी. गाभ्यातल्या गावात दवाखाना नाही, रस्ता पावसाळ्यात बंद, गौण वनोपज गोळा करण्यावर बंधने, रानडुकरांनी पिकाची वाट लावली तर दाद मागायची कोठे, अशा परिस्थितीत वाढलेल्या तरुणाला खाली उतरावेसे वाटणे यात काहीही कृत्रिम नाही. कोरकूंनी जंगलातच राहावे अशी इच्छा बाळगणारे आपण सगळे नळाचे पाणी पितो, हे विसरून चालणार नाही. परंतु ज्या सोयींच्या अभावामुळे ही इच्छा निर्माण झाली, तो अभाव व्यवस्थापनानेच राखला असेल, तर त्या इच्छेला 'स्वेच्छा' म्हणताना शब्द अडखळला पाहिजे. जॉन एल्स्टर यांनी 'सावर ग्रेप्स' (१९८३) या ग्रंथात परिस्थितीशी जुळवून घेतलेल्या आवडींचा विचार केला आहे: कोल्ह्याला द्राक्षे आंबट लागतात, कारण ती उंचावर आहेत. मेळघाटात याची उलटी बाजू दिसते. जे हाताशी होते ते आधी आंबवून टाकायचे आणि मग कोल्ह्याला विचारायचे, तुला दुसऱ्या बागेत जायला आवडेल का?

एल्स्टरचा विचार वापरताना धोकाही आहे. लोकांच्या आवडी परिस्थितीने घडवलेल्या असतात, असे एकदा म्हटले की त्यांची खरी आवड आम्हीच सांगू, हा दावा फार दूर राहत नाही. इंग्रजी अमदानीतील वनाधिकाऱ्याचा दावा तोच होता, आणि आजच्या कार्यकर्त्याचाही कधी कधी असतो. वऱ्हाडातच याचे एक फार उदात्त रूप आहे. तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' (१९५५) गावाला जसे आहे तसे स्वीकारीत नाही. ते कसे असावे, तेथील रस्ते, आरोग्य, सण, गोधन कसे असावे, हे ती सांगते आणि गावकऱ्याची अभिरुचीच पालटू पाहते. ही आवडीची अवहेलना आहे काय? मला तसे वाटत नाही. कारण तुकडोजी महाराज समोर बसलेल्या माणसाशी, त्याच्या भाषेत, खंजिरी हाती घेऊन बोलत होते आणि ऐकणाऱ्याला उठून जाण्याची मोकळीक होती. आवड बदलू पाहणे हा अपराध नव्हे. समोरच्याला कारण न देता ती बदलणे, किंवा कारण न ऐकता ती मोजणे, यांत अपराध आहे.

लोक एकमताचे असतात अशी समजूत वरील विवेचनाने होऊ नये, म्हणून आता ई-क्लासचा विचार करू. उर्वरित महाराष्ट्र ज्याला गायरान म्हणतो, त्या गावचराईच्या जमिनीला वऱ्हाडात अजूनही इंग्रजांच्या प्रतवारीतले हे नाव आहे; अशिक्षित म्हातारीही 'इकलास' म्हणते. अमरावती किंवा अकोला जिल्ह्यातील कोणत्याही गावी जाऊन ई-क्लासचे काय व्हावे असे विचारावे. ज्याच्याकडे बकऱ्या आहेत तो म्हणेल, चराई राहू द्या. सरपंच म्हणेल, सौर ऊर्जेचा प्रकल्प येऊ द्या. ज्याची पंचवीस एकर काळी आहे आणि ढोरे नाहीत, त्याला ती मोकळी, सुंदर आणि आपल्या धुऱ्याला लागून असलेली आवडेल. आणि जो भूमिहीन आहे, तो काही विचारण्याच्या आधीच तेथे ज्वारी पेरून बसलेला असेल.

हा चौथा माणूस बहुतेक गावांत दलित किंवा भटक्या जमातीचा असतो. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे जे सत्याग्रह १९५९ साली आणि पुढे १९६४-६५ साली झाले, त्यांनी पडीक सरकारी जमिनीचा प्रश्न राज्यापुढे मांडला. १४ एप्रिल १९९०पर्यंतची काही अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला. उलट, जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०११च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश दिले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानेही गायरानासंबंधी कठोर धोरण जाहीर केले. त्या निवाड्यातही भूमिहीन, अनुसूचित जातिजमातींना पूर्वी दिलेल्या जमिनींसारख्या बाबींसाठी अपवाद ठेवला आहे, हे विशेष. म्हणजे सामायिक जमिनीचे रक्षण आणि वंचिताचा दावा यांची बेरीज करून भागत नाही, हे न्यायालयालाही जाणवले.

गावाचा कौल घेतला तर येथे काय होईल? बकऱ्यावाला, सरपंच आणि पंचवीस एकरवाला मिळून बहुमत होते आणि भूमिहीन हरतो. लोकांची पसंती प्रमाण मानली म्हणून न्याय झाला, असे म्हणता येणार नाही. पण याच माणसांना आपापले कारण इतरांसमोर उच्चारावे लागले तर? 'ई-क्लास माझ्या शेताला लागून मोकळी राहावी असे मला आवडते' हे वाक्य कोष्टकात बिनदिक्कत बसते. पण तीन पिढ्या त्याच शेतात मजुरी केलेल्या माणसाच्या तोंडावर ते उच्चारणे सोपे नाही. काही आवडी उच्चारल्या की त्यांची लाज वाटते. ही लाज नैतिक दृष्ट्या फार मोलाची आहे आणि गुप्त प्रश्नावली नेमकी तिच्यापासून माणसाला वाचवते. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चारचौघांत बोलताना लाजच नव्हे, भीतीही वाटते. ग्रामसभेत पाटलासमोर मजूर किती बोलतो हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून मी गुप्त मतदान सरसकट टाकाऊ मानीत नाही. एवढेच म्हणतो की ते निवाड्याची जागा घेऊ शकत नाही.

गवताविषयी दोन शब्द, कारण येथे चूक आपली, सुशिक्षितांची आहे. २०१७ ते २०१९ या काळात राज्याने पन्नास कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला आणि त्याला विरोध करावा असे कोणाही सुबुद्ध माणसाला वाटले नाही. झाड कोणाला नको असते? पण रोपे लावायला मोकळी जागा लागते आणि मोकळी जागा म्हणजे माळ, बरड, रमणा. ज्याला महसुली भाषा 'पडीक' म्हणते आणि काव्यभाषा 'उजाड', तो गवताळ माळ ही एक जिवंत व्यवस्था आहे. तणमोरासारखा पक्षी झाडीत राहत नाही. त्याला गवतच लागते. बार्शिटाकळी भागातील फासेपारध्यांनी हे ओळखले आणि गवत राखायला घेतले. ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या फासे होते, त्यांनाच कोणते गवत कोणत्या महिन्यात किती उंच असावे हे ठाऊक होते. हे ज्ञान पाहणीत 'आवड' म्हणून विचारले असते तर हाती काय लागले असते? हिरवी टेकडी आणि पिवळा माळ यांची छायाचित्रे शेजारी ठेवली तर अमरावतीच्या कॅम्पातला प्राध्यापक आणि दर्यापूरचा माझा विद्यार्थी, दोघेही हिरव्यालाच गुण देतील. येथे सार्वजनिक अभिरुची चूक आहे, असे म्हणण्याची सोय हवी. आणि ती आवडीच्या अंकगणितात नाही, निवाड्यात आहे. मारुती चितमपल्ली मेळघाटात अधिकारी होते. आदिवासींकडून उचललेल्या शब्दांनी त्यांनी मराठीचे रानाविषयीचे शब्दभांडार किती वाढवले, हे सर्वश्रुत आहे. त्या शब्दांकडे आपण अलंकार म्हणून पाहिले. ते भेद करण्याची साधने आहेत, आणि ज्याला भेद करता येत नाही त्याची आवड आंधळी असते, ही गोष्ट आपण कवितेच्या बाबतीत रोज सांगतो, माळाच्या बाबतीत विसरतो.

याउलटचे एक उदाहरण पायविहीरचे. अचलपूर तालुक्यातील या लहानशा गावाला वनहक्क कायद्याखाली २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाले. त्यानंतर ग्रामसभेने बोडक्या टेकडीवर काय लावायचे, चराई कोठे बंद ठेवायची, सीताफळ कोणी तोडायचे आणि कसे विकायचे, हे बसून ठरवले. २०१४ साली त्या कामाला राष्ट्रीय पातळीवरील जैवविविधता पुरस्कार मिळाला. हे यशोगाथा म्हणून सांगण्याचा मला मोह नाही. लक्षात घेण्याजोगे हे की तेथे लोकांना 'तुम्हाला काय आवडते' असे कोणी विचारले नाही. त्यांना अधिकार मिळाला, आणि अधिकाराबरोबर चुकण्याची जबाबदारी आली. चराई बंद ठेवायची तर उद्या माझीच बकरी अडवली जाणार, हे ठाऊक असताना जो हात वर होतो, त्या हाताला मी निवाडा म्हणतो. कांटच्या राजवाड्यापुढे उभ्या असलेल्या प्रेक्षकाला असा हात नव्हता. त्याचा निवाडा निर्हेतुक होता म्हणून शुद्ध. या माणसाचा हेतूंनी बरबटलेला आहे आणि तरीही तो इतरांच्या संमतीवर हक्क सांगतो. अशा निवाड्याला आपल्या सौंदर्यशास्त्रात नाव नाही.

वाघाचे काय, असे कोणी विचारील. वाघाला, गव्याला, पिंगळ्याला आवड असली तरी ग्रामसभेत जागा नाही, आणि पुढच्या पिढीलाही नाही. त्यांच्या वतीने बोलणाऱ्या वनाधिकाऱ्याचा दावा म्हणून क्षुल्लक ठरत नाही. गाभ्यात माणसांची ये-जा कमी झाल्यावर गवत वाढले, वन्यप्राणी वाढले, हे तो सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला माझी हरकत एका ठिकाणी आहे. तो वाघाच्या वतीने बोलतो तेव्हा स्वतःच्या विधानाला 'शास्त्र' म्हणतो आणि केलपाणीचा माणूस बोलतो तेव्हा त्याला 'स्थानिकांची भावना' म्हणतो. दोन्ही निवाडेच आहेत, दोन्हींना कारणे आहेत, दोन्ही चुकू शकतात. गावकऱ्याचे म्हणणे फेटाळण्याचा प्रसंग येईल तेव्हा ते अवश्य फेटाळावे. पण फेटाळताना त्याला उत्तर द्यावे लागेल, त्याच्या कारणाहून बलवान कारण त्याला समजेल अशा भाषेत मांडावे लागेल.

भाषेचा हा प्रश्न अखेर आपल्याकडेच येतो. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. धारणी आणि चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात आणि १९९६च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला मोठे स्थान दिले आहे. पण ग्रामसभेचे इतिवृत्त लिहिले जाते मराठीत. तेही आपण सर्व ओळखतो त्या मराठीत. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, 'सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते ठराव मंजूर', 'ग्रामसभेची हरकत नाही'. त्या 'सविस्तर चर्चे'त कोण काय म्हणाले, कोणत्या शब्दाशी कोण अडखळला, कोणी नुसती मान हलवली, कोणी उठून गेले, याचा मागमूस तेथे नसतो. 'हरकत नाही' याला कोरकूत काय म्हटले गेले असेल, आणि मुळात तसे काही म्हटले गेले होते काय, हे त्या वहीवरून कळत नाही. साहित्याचे विद्यार्थी जुन्या हस्तलिखितांच्या पाठभेदांवर प्रबंध लिहितात. अकोट आणि धारणीच्या कार्यालयांत अशा ठरावांच्या वह्या कपाटांत पडून आहेत. त्यांच्याकडे पाठ म्हणून पाहणारा, त्यातल्या एका 'सर्वानुमते'मागची मते शोधत बसणारा संशोधक आमच्या विभागात अद्याप नाव नोंदवायला आलेला नाही.